पळून आलेल्या मुलांसाठी खुलं निवारागृह: परभणीतून प्रस्ताव टाकायचाय, अनुदानाचं गणित कसं बसवायचं?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. परभणी शहरात आमचा न्यास आहे. धर्मादायकडं नोंद आहे, लेखापरीक्षण दरवर्षी भरलेलं आहे. सध्या काम वस्तीवरच्या शाळाबाह्य मुलांचं. आता घरातून पळून आलेल्या, स्टेशनवर नाहीतर बसस्थानकात झोपणाऱ्या मुलांसाठी २५ मुलग्यांचं खुलं निवारागृह काढून मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून अनुदान मागायचं ठरतंय. जंक्शन असल्यामुळं मनमाड, नांदेड आणि परळी अशा तिन्ही बाजूंनी मुलं उतरतात. ऊसतोडीला आईबाप गेले की मागं राहिलेली पोरंही घर सोडतात.

जागा भाड्याची बघितली आहे: ९०० चौरस फुटांचा हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, दोन संडास आणि एक न्हाणीघर. एका सल्लागारानं प्रस्तावाचा मसुदा दिलाय. त्यात १६ ते २२ वयाची मुलं दीड वर्ष ठेवायची, असं लिहिलंय.

विचारायचं एवढंच, की अर्ज कुणाकडं आणि कधी करायचा? पैसे खरोखर किती मिळतात आणि केव्हा? आणि १८ वर्षांवरच्या पोरांचं काय करायचं? आधी काम सुरू करून मग अर्ज केला तर चालतं का?

दप्तरदाखल (जालना)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. काम आधी आणि अर्ज मग, हे अजिबात करू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ प्रमाणं मुलांना निवासी ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदलेली पाहिजे, मग सरकारी पैसा घ्या नाहीतर घेऊ नका. नोंदणीशिवाय चालवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखाच्या खाली नाही इतका दंड, किंवा दोन्ही. अर्जाला होणारा दर तीस दिवसांचा उशीर वेगळा गुन्हा धरतात. चांगल्या हेतूनं पोरं ठेवली, हे तिथं ऐकलं जात नाही.

खुल्या निवारागृहाचं कलम ४३. थोड्या काळासाठी निवारा देऊन मुलाला रस्त्यावरच्या जगण्यापासून सोडवायचं, हा त्याचा उद्देश. म्हणजे प्रस्तावात दीड वर्ष निवास लिहिलं, की वाचणारा म्हणणार, हे तर बालगृह झालं. बालगृहाचे निकष वेगळे, ५० मुलांचे.

क्रम असा लावा. आधी न्यासाच्या घटनेतलं उद्देशांचं कलम काढून वाचा. ‘शैक्षणिक व सामाजिक कार्य’ एवढंच लिहिलं असेल तर बालकांची काळजी, संरक्षण आणि निवास हे शब्द घालून घ्या. दुसरं म्हणजे धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा उतारा काढा. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का? विश्वस्त बदलले की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत टाकायचा असतो. आपल्याकडं निम्म्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित. मग अर्जावर सही एका अध्यक्षाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं आणि संस्थांची नोंद असलेल्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर तिसऱ्याचं. फाइल परत यायला एवढं पुरतं.

हे जुळलं, की जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडं नोंदणीचा अर्ज. केंद्राच्या आदर्श नियमांत हा नमुना २७ आहे. आपल्याकडं २०१८ चे राज्य नियम लागू आहेत, त्यामुळं कोरा नमुना कार्यालयातूनच घ्या, इंटरनेटवरून उतरवू नका. जोडायची कागदपत्रं: न्यासनोंदणी, घटना, ठराव, तीन वर्षांची लेखापरीक्षणं, जागेचा करार, नकाशा, अग्निशमनचा दाखला, अन्न परवाना, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, बालसंरक्षण धोरण. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेऊन संस्थेची क्षमता आणि प्रयोजन ठरतं. त्यामुळं तपासणी पथक येणार, हे धरून चला. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं.

आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज केल्यापासून महिन्याभरात तात्पुरतं प्रमाणपत्र आलं नाही, तर ही पोचच जास्तीत जास्त सहा महिने तात्पुरती नोंदणी धरली जाते, असं कलम ४१ मध्येच आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफला असली किंमत नाही. पोच आहे म्हणून अनुदान मात्र कुणी देत नाही, त्याला पक्कं प्रमाणपत्र लागतं.

अनुदानाचा प्रस्ताव जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयात जातो. तिथून राज्याच्या वार्षिक आराखड्यात आणि मग केंद्राच्या मंजुरी मंडळापुढं. आराखडा वर्षातून एकदाच बनतो, ती गाडी चुकली की वर्ष गेलं. म्हणून नोंदणी दिवाळीपर्यंत आणि प्रस्ताव डिसेंबरच्या आत जिल्ह्यातून पुढं सरकेल, असं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकलेला कागद कपाटात बसतो. त्या दोन महिन्यांत अख्खं कार्यालय खर्ची टाकण्यात गुंतलेलं असतं.

चौरसफूट

जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आदर्श नियमांत ५० मुलांच्या संस्थेला २५-२५ मुलांच्या दोन झोपायच्या खोल्या, प्रत्येकी १,००० चौरस फूट. म्हणजे मुलामागे ४०. तुमचा हॉल ९००, त्यात २२ मुलं बसतात. तपासणी करणारे टेप घेऊन येतात आणि कपाटं, जिना, देवघराचा कोपरा वजा करून मोजतात. एक खोली झोपायला धरा आणि नकाशावर तसं दाखवा.

संडास सात मुलांमागे एक, न्हाणीघर दहामागे एक. २५ ला चार आणि तीन. तुमच्याकडं दोन आणि एक आहे. प्रस्ताव इथंच अडकणार, त्यामुळं करार करण्याआधी मालकाशी बोला. मागच्या मोकळ्या जागेत दोन संडास आणि दोन न्हाण्या बांधून देत असेल तरच पुढं जा. दुसऱ्याच्या इमारतीत अनुदानातून बांधकाम करता येईल, ही आशा ठेवू नका.

पाण्याचं आत्ताच ठरवा. माणशी ७० लिटर धरलं तरी २५ मुलांना दिवसाला १,७५० लिटर लागतं. पाच हजारांचा टँकर तीन दिवसही पुरत नाही. मार्च ते जूनचा टँकरचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत घाला. नाहीतर उन्हाळ्यात तो जेवणाच्या पैशातून जातो आणि हिशेबात उघडा पडतो.

हिशेबनीस_लातूर

पैशाचं सांगतो. मिशन वात्सल्यमध्ये केंद्र-राज्य वाटा ६०:४०. संस्थेतल्या मुलामागे देखभालीचे महिना ३,००० रुपये. कर्मचारी मानधन आणि भाडं-प्रशासन ही शीर्षं वेगळी. ३,००० म्हणजे दिवसाला १००. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, दूध, कपडे, साबण, तेल, औषध सगळं आलं. आता कागदावर २५ × ३,००० × १२ म्हणजे नऊ लाख दिसतात, आणि सगळे प्रस्ताव हाच आकडा धरून फसतात. देखभाल प्रत्यक्ष हजेरीवर मोजली जाते. खुल्या निवाऱ्यात मुलं येतात-जातात, सणाला घरी पाठवली जातात, काही पुन्हा पळतात. सरासरी १७ मुलं राहिली तर महिन्याला ५१,००० पदरात पडणार, ७५,००० नाही. स्वयंपाकीण, रात्रीचा काळजीवाहक, वीज आणि भाडं मात्र पूर्णच द्यावं लागतं.

दुसरं, पैसा हप्त्यानं आणि उशिरा येतो. पहिला हप्ता आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला येईल असं समजून चालणारी संस्था जुलैत किराणावाल्याचं तोंड चुकवते. निदान सहा महिन्यांचा खर्च न्यासाच्या स्वतःच्या पैशातून किंवा सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) उभा करा आणि तशी तरतूद ठरावात दाखवा. पुरवठा विभागाची कल्याणकारी संस्थांसाठी गहू-तांदळाची योजना आहे, नोंदणी झाल्यावर तिथं लगेच अर्ज टाका.

वात्सल्यचा पैसा आता पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीवरून फिरतो. संस्थेचं खातं त्यावर जोडलेलं पाहिजे. खात्याचं नाव, पॅनवरचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. ‘बहुउद्देशीय’ आणि ‘बहुद्देशीय’ एवढ्या फरकावर पडताळणी अडकते.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्चलं याचा दाखला, जीएफआर १२-अ या सरकारी नमुन्यात. चुका ठरलेल्या आहेत. मागच्या वर्षाची अखर्चित शिल्लक पुढं ओढलेली नसते. खात्यावरचं व्याज खर्चून टाकलेलं असतं, खरं तर ते सरकारला परत करायचं. ३१ मार्चनंतरच्या तारखेची बिलं घुसवलेली असतात. एकाच गाद्यांचं बिल सीएसआर कंपनीला आणि सरकारलाही दाखवलेलं असतं, आणि हे सापडलं तर पुढचं अनुदान विसरा. अनुदानाची कीर्द-खतावणी वेगळी ठेवा, प्रत्येक व्हाउचरवर ‘मिशन वात्सल्य’ असा शिक्का मारा, आणि एका माणसाला दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका.

तपासणारा अधिकारी हुशार असला तर तो बँकेचं पासबुक नंतर बघतो. आधी स्वयंपाकघरात जातो आणि जिन्नस रजिस्टर मागतो. एका मुलाला दिवसाला पाव किलो कणीक धरली तर १७ मुलांना महिन्याला सुमारे १२८ किलो. हजेरी १७ ची, आणि गव्हाचं बिल १९० किलोचं असेल तर ते २५ मुलांचं बिल आहे, हे त्याला उभ्या-उभ्या कळतं. उलटंही होतं: हजेरीपटावर २५ आणि बिल १२० किलोचं. हजेरीपट रात्री आठला भरा, महिनाअखेरीला एका शाईत बसून नको.

समितीच्या_दारात

हिशेबनीस म्हणतात त्या हजेरीला आधार काय, तर बाल कल्याण समितीचा, म्हणजे मूल कुठं ठेवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचा आदेश. मुलाचा कागद नीट नसेल तर त्याच्या जेवणाचा पैसाही वादात पडतो, म्हणून हे बारकाईनं वाचा.

एकटं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढं हजर करायचं, कलम ३१. संस्थेला मूल सापडलं आणि कळवलं नाही, तर कलम ३४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ‘उद्या सोमवार आहे, तेव्हा नेऊ’ हे चालत नाही. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढंही मूल हजर करता येतं. सदस्यांचे फोन नंबर रात्रपाळीच्या टेबलावर चिकटवलेले असू द्या. दिवसा येऊन जेवून, अंघोळ करून जाणारी मुलं वेगळ्या रजिस्टरात लिहा. रात्री मुक्कामी राहिलेलं मूल त्या रजिस्टरात सापडलं तर उत्तर देता येणार नाही.

कागद असे: हजर करतानाचा अहवाल नमुना १७, संस्थेत ठेवण्याचा आदेश नमुना १८, सामाजिक तपासणी अहवाल नमुना २२, वैयक्तिक काळजी आराखडा नमुना ७. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. शिवाय खुल्या निवारागृहानं दर महिन्याला मुलांची माहिती बाल संरक्षण कक्ष आणि समिती दोघांना पाठवायची असते. ही मासिक माहिती न गेल्यामुळं अनुदान अडलं, अशी उदाहरणं भरपूर.

परभणी, पूर्णा, जालना, संभाजीनगर ही स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. प्रस्तावाला रेल्वे सुरक्षा दलाचं सहकार्याचं पत्र जोडायचं असेल तर नांदेडच्या कार्यालयाला लिहा. मुंबईला लिहून उपयोग नाही. दलाचे लोक ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत स्टेशनवरची एकटी मुलं ताब्यात घेतात. त्यांनी दिलेलं मूल घेताना पंचनामा किंवा हस्तांतर पावती मागून घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन २०२३ पासून सरकारच चालवतं, जिल्हा कक्षात तिचं पथक असतं. हेल्पलाइनचा खर्च प्रस्तावात धरला असेल तर काढून टाका.

मूल तेलंगणातलं निघालं तर त्याला गाडीत बसवून पाठवून देण्याचा मोह आवरा. परत पाठवणं कलम ९५ प्रमाणं समितीच्या आदेशानं आणि पोलीस सोबतीनं होतं. तेलुगू बोलणारा एक तरी माणूस मानद यादीवर ठेवा. मुलाचा पत्ता लागायला निम्मा वेळ भाषेमुळंच जातो. आणि मुली तुमच्याकडं आल्या तर रात्रभरही ठेवू नका. नोंदणी मुलग्यांची असेल तर मुलीसाठी समितीला किंवा १०९८ ला त्याच क्षणी फोन.

चौकट_मोडा

सल्लागाराचा मसुदा बहुतेक अमेरिकेतल्या योजनेची नक्कल आहे. तिथं १९७४ चा पळून गेलेल्या व बेघर तरुणांचा कायदा आहे, आणि त्याखाली तीन प्रकारचं अनुदान: १८ खालच्यांना २१ दिवसांपर्यंत तातडीचा निवारा, १६ ते २२ च्या आतल्यांना साधारण ५४० दिवस राहायची सोय, आणि रस्त्यावर जाऊन करायचं संपर्काचं काम. तुमचं दीड वर्ष इथूनच आलंय. तिथं संस्था थेट संघराज्य सरकारच्या खात्याकडं स्पर्धेत अर्ज करते आणि दहा टक्के स्वतःचा वाटा दाखवते. आपल्याकडं वाट जिल्ह्यातून आणि राज्यातून जाते. शिवाय १८ ही पक्की रेघ आहे. १७ वर्षांचा आणि २१ वर्षांचा एका खोलीत झोपवायचा, हे प्रस्तावात लिहून दिलंत तर नोंदणीच मिळायची नाही.

वरच्या पोरांचं असं. संस्थेत वाढून १८ पूर्ण केलेल्यांना कलम ४६ चा पश्चात-काळजीचा, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराचा मार्ग आहे, २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात वाढवून २३ पर्यंत. वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना ४,००० रुपये. १९ व्या वर्षी थेट रस्त्यावरून आलेल्याला हा मार्ग लागू नाही. त्याला महापालिकेचा शहरी बेघर निवारा. तुमच्या प्रस्तावात त्यांच्यासाठी फक्त ‘महापालिका निवाऱ्याकडे पाठवणी’ एवढी एक ओळ पुरे.

वय मात्र तुम्ही ठरवू नका. मिशी आली म्हणून १९ आणि अंग बारीक म्हणून १४, असं चालत नाही. कलम ९४: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, दोन्ही नसेल तरच वैद्यकीय चाचणी, तीही समितीच्या आदेशानं, १५ दिवसांत.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे आभार. मालक संडास बांधून द्यायला तयार आहे, पण करार ११ महिन्यांचाच करतो म्हणतो आणि तोही नोटरीकडं. दुसरं, आमच्या न्यासातले दोन विश्वस्त सख्खे भाऊ आहेत. आणि ज्यांना घरी परत पाठवलं, त्या मुलांसाठी घरच्यांना काही आधार देता येतो का?

दप्तरदाखल (जालना)

नोटरीचा ११ महिन्यांचा करार घेऊन पाच वर्षांची नोंदणी मागता येत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला, निदान पाच वर्षांचा भाडेपट्टा करा. मालक घाबरत असेल तर सहा महिन्यांच्या नोटिशीचं कलम घाला, आणि नोटिशीच्या काळात मुलं दुसरीकडं हलवायची जबाबदारी न्यासाची, असं लिहा. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च अनुदानात धरू नका.

दोन भाऊ विश्वस्त असणं हा गुन्हा नाही, पण धनादेशावर दोघांच्याच सह्या असू देऊ नका. तिसऱ्याची सही लावा आणि तसा ठराव करा. भावाच्याच दुकानातून किराणा घेणार असाल तर तीन दरपत्रकं फाइलला हवीत. खरं तर घेऊच नका.

समितीच्या_दारात

घरी गेलेल्यांसाठी प्रायोजकत्व आहे, वात्सल्यमधून मुलामागे महिना ४,००० रुपये. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी, तिचे २,२५०. एका मुलाला एकच, दोन्ही लावायचा प्रयत्न करू नका. दोन्हीला गृहचौकशी आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. अडचण आधारची असते. पळून आलेल्या मुलाचं आधार घरीच राहिलेलं असतं, आणि अंगठा पूर्वी लागला असेल तर नवीन निघत नाही. जवळच्या आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधायची विनंती समितीच्या पत्रानं करा. त्या ठशांवरून कित्येकदा मुलाचं गावही सापडतं. त्यामुळं मूल दाखल झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला तिकडं न्या.